सत्तावीस नंबरचा फोटो

फोटो काढायच्या आधी लोटन जिभाऊ पुतळ्याला "हालू नका बरं" असं सांगायचे. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. आमच्या शाळेच्या आवारात देणगीदार शेटजींचा छातीपर्यंतचा पुतळा होता. एका सकाळी पोटाशी धरलेल्या पेटीकॅमेऱ्यात वरून डोकावत जिभाऊ त्याच्यासमोर उभे होते. मी मागून चाललो होतो. "शेटजी, हालू नका बरं," असं म्हणून त्यांनी स्वतःचा श्वास रोखला आणि खटका दाबला. मला हसू आलं.

"हसू नका मास्तर," मागे न वळता ते म्हणाले, "त्यांचं लक्ष विचलित होतं."

मी तेव्हा शहाद्याच्या हायस्कुलात मराठीचा मास्तर म्हणून नवाच लागलो होतो. साठ साल उलटून गेलं होतं. आमचा सगळा मुलूख तेव्हा धुळे जिल्ह्यात मोडत असे. मी नाशिककडचा. अहिराणी कानावर पडली की पहिले काही महिने मला नुसतं 'शे' आणि 'नही' एवढंच कळायचं. लोटन जिभाऊ शाळेचे ड्रॉइंग मास्तर. वय पन्नाशीला टेकलेलं, अंग काटकुळं, मिशा मात्र भरदार. खानदेशात वडीलधाऱ्या माणसाला मानानं आणि मायेनं जिभाऊ म्हणतात. यांना हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळेच जिभाऊ म्हणत. आम्ही एकाच घराचे भाडेकरू होतो. दोन खोल्या त्यांच्या, एक माझी, मध्ये कुडाची भिंत. त्यामुळे हा माणूस मला शाळेतही होता आणि घरीही.

शाळेचे जिभाऊ आणि घरचे जिभाऊ यांच्यात एका कोटाचं अंतर होतं. त्यांच्याकडे काळा अल्पाकाचा एक कोट होता. तो अंगात असला की ते अगदी छापील मराठी बोलत. 'मुलांनो, सफरचंद हे कधीही पूर्ण गोल नसते.' संध्याकाळी शाळेच्या फाटकाबाहेर पडले की कोट काढून हातावर घेत, आणि त्याच पावलाला तोंडातून अहिराणी सुरू होई. एकदा मी विचारलं, "कोट घालून अहिराणी बोलता येत नाही का?"

"येस ना," ते म्हणाले. "पन कोटले समजत नही."

त्यांचा सगळा जीव पुतळ्यांत आणि मूर्तींत. जिल्ह्यातल्या कुठल्या देवळाच्या भिंतीवर कुठली मूर्ती आहे, तिला किती वाजता ऊन लागतं, कुठल्या महिन्यात तिच्या नाकाची सावली ओठावर येते, हे त्यांना तोंडपाठ होतं. रविवारी पहाटेची गाडी धरून ते निघत. खांद्याला कॅमेरा, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पितळी लोटा. छत्री कॅमेऱ्यासाठी. स्वतः उन्हात करपत आणि कॅमेऱ्यावर छत्री धरत. लोटा मूर्तीचं तोंड धुवायला. फोटोआधी ते मूर्तीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत, कानात अडकलेलं शेंदराचं ढेकूळ काडीनं अलगद काढत. यावरून एका देवळाच्या पुजाऱ्याशी त्यांचं मोठं वाजलं होतं. पुजारी म्हणाला, तुम्ही कोण देवाला अंघोळ घालणारे? जिभाऊ म्हणाले, "तुम्ही घालत नही म्हनीसन मी घालस."

आणि उजेडाची कटकट तर विचारू नका. "उजेड अजून कच्चा शे," हे त्यांचं पालुपद. प्रकाशा नावाच्या गावी, तापीच्या काठी, मी एकदा हौसेनं त्यांच्याबरोबर गेलो होतो. सकाळी सातला पोचलो. आठला उजेड कच्चा होता. नऊला कच्चा होता. दहाला त्यांनी आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पिकी गया. आते काही उपेग नही." फोटो न काढताच आम्ही परत आलो. येताना ते मजेत होते. माझं मात्र पोट पाठीला लागलं होतं.

जिवंत माणसाचा फोटो ते काढत नसत. शाळेत कॅमेरा असलेला माणूस एकच, त्यामुळे अकरावीच्या मुलांच्या निरोपाच्या फोटोसाठी हेडमास्तर दर वर्षी त्यांच्या मागे लागत, आणि दर वर्षी शेवटी बाहेरून फोटोग्राफर बोलवावा लागे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "जित्ता मानूस फोटोमा खोटं बोलस. पोट आत लेस, मान ताठ करस. दगडले हाई येत नही."

त्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. स्वतःच भाकरी भाजत, स्वतःच भांडी घासत. मी आल्यावर महिन्याभरातच आमच्या घरमालकीणबाईंना विचारलं होतं, जिभाऊंचं कुणी नाही का?

बाई तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बायको कव्हयच मरी गयी. एक पोर व्हती, कमल. ती बी गयी. चार वरीस व्हयनात. जिभाऊंनी तापीवर जाईसन तिन्हा नावनी आंघोय करी."

एवढं ऐकल्यावर पुढं काय विचारणार? तरुण मुलगी गेलेल्या बापाला कोण विचारणार की कशानं गेली? मी मनात नोंद केली आणि त्यांच्यासमोर तो विषय कधी काढला नाही. त्यांनीही काढला नाही. कुडाच्या भिंतीपलीकडून पहाटे भाकरी थापल्याचा आवाज यायचा, तेव्हा मला कधी कधी वाटायचं, इतका एकटा माणूस दगडांशी बोलणार नाही तर कुणाशी बोलेल.

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता शाळेत एक छापील पत्रक आलं. नंदुरबारला नाताळच्या सुट्टीत हौशी कलावंतांचं प्रदर्शन भरणार होतं. रांगोळी, चित्रं, भरतकाम आणि फोटो. फोटोंच्या विभागाला विषय दिला होता, 'शिल्प'. नियम दोन. एका माणसाचा एकच फोटो, आणि फोटोखाली नाव नाही, फक्त नंबर. परीक्षकांकडून पक्षपात होऊ नये म्हणून.

पत्रक वाचून सगळ्या शिक्षकांनी जिभाऊंकडे पाहिलं. जिभाऊंनी ते घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. हेडमास्तर म्हणाले, "पाठवायचा फोटो ठरलेलाच आहे. शेटजींचा पुतळा. संस्थेलाही बरं वाटेल."

त्या फोटोत शेटजींच्या पगडीवर एक कावळा बसलेला होता. जिभाऊंनी सात रविवार तो उठायची वाट पाहिली होती आणि आठव्या रविवारी हार मानून कावळ्यासकट फोटो काढला होता. हेडमास्तरांनी तो चष्मा न लावता पाहिला असावा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिभाऊ माझ्या खोलीत आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन फोटो. ते त्यांनी माझ्या सतरंजीवर ओळीनं मांडले आणि समोर मांडी घालून बसले.

"तुम्ही पुन्यानी प्रदर्शनं देखेल शेत," ते म्हणाले. "तुम्ही सांगा."

मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. कॉलेजात असताना मी पुण्यात दोन प्रदर्शनं पाहिली होती, आणि शहाद्यात आल्यापासून ती दोन मी वीस करून सांगत होतो.

पहिला फोटो शेटजींचा. तो मी लगेच बाजूला केला. जिभाऊही हसले.

दुसरा प्रकाशा गावचा. एका जुन्या देवळामागे निंबाखाली एक भंगलेली मूर्ती पडलेली होती. बाईची. दोन्ही हात खांद्यापासून तुटलेले, नाक झिजून गेलेलं. येणारे यात्रेकरू तिच्यावर ओली धोतरं वाळत घालत. पण जिभाऊंनी तिला अशा उजेडात पकडलं होतं की गालावरची प्रत्येक चीर दिसत होती, आणि ती बाई नुकतीच झोपेतून उठून कुणाचं तरी बोलणं ऐकते आहे असं वाटत होतं. मी कितीतरी वेळ तो फोटो हातात धरून बसलो.

तिसरा गुलाबाईचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत खानदेशातल्या मुली घरात मातीची गुलाबाई मांडतात, रोज संध्याकाळी तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि शेवटी तिला नदीत शिरवतात. ही गुलाबाई घरीच केलेली दिसत होती. एका बाजूला कललेली. एक डोळा मोठा, एक लहान. नाकात बांगडीच्या तुकड्याची नथ, जवळजवळ हनुवटीपर्यंत आलेली. फोटोही धूसर होता. आणि डावीकडून एक हात मध्ये आलेला होता, हातात पणती धरलेला. मुलीचा हात. मनगटात दोन बांगड्या.

"ही कुणी केली?" मी मूर्तीवर बोट ठेवलं.

"कमलनी," जिभाऊ म्हणाले. "चौदा वरीसनी व्हती. वावरमाथीन काई माती आनी आनि आठ दिवस बठीसन करी. उजेड कमी पडना, तं तिनीच दिवा धरा."

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो.  गेलेल्या मुलीच्या हातची मूर्ती. मला वाटलं, आपण आता शहाण्यासारखं वागलं पाहिजे.

मी प्रकाशाच्या फोटोबद्दल बोलू लागलो. छायाप्रकाश, मांडणी, भग्नतेतलं सौंदर्य, असं बरंच काही. जिभाऊ मान डोलवत ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी गुलाबाईचा फोटो उचलून बाकीच्या दोन्हींवर ठेवला. मी तो पुन्हा खाली ठेवला. थोड्या वेळानं तो पुन्हा वर आला.

"जिभाऊ," मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणालो, "हा तुमच्यापाशी ठेवा. हे तुमचं घरचं आहे. चार लोकांत मांडायचं नसतं. आणि खरं सांगू का, परीक्षक म्हणतील, मूर्ती वाकडी, फोटो हललेला, हा हात कुठून मध्ये आला."

"परीक्षक म्हनू द्या," ते म्हणाले. मग सतरंजीचा दोरा ओढत, "मास्तर, एक इचारू? ज्यानी हाई मूर्ती पयले देखेल शे, असं एखादं मानूस तठे उनं, तं ते वळखी का हाई फोटो? नाव नसनं तरी?"

"ओळखेल की. पण असं माणूस तिथं येणार कुठून?"

त्यांनी फोटो गोळा केले. गुलाबाईचा वर्तमानपत्रात गुंडाळला, प्रकाशाचा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मंग हाऊच धाडा. फारम तुम्ही भरा. तुम्हनं अक्षर चांगलं शे."

फॉर्म मी भरला. नंबर मिळाला सत्तावीस.

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं नंदुरबारला गेलो. प्रदर्शन तीन दिवसांचं. मी म्हणालो होतो, शेवटच्या दिवशी निकालाला जाऊ. जिभाऊंनी ऐकलं नाही. तिन्ही दिवस जायचं, आणि उतरायचं ते स्टेशनजवळच्याच धर्मशाळेत. गावात माझ्या ओळखीचं चांगलं घर होतं, अंगणात विहीर होती, पण नाही. धर्मशाळेत रात्रंदिवस इंजिनं शिट्ट्या मारत होती. मला वाटलं, हीही त्यांची एक तऱ्हा.

प्रदर्शन स्टेशनपासून जवळच एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. लाकडी फळ्यांवर फोटो आणि चित्रं टाचलेली, मधल्या जागेत रांगोळ्या. आमचा सत्तावीस नंबर बरोब्बर मधल्या फळीवर होता. लोक त्याच्यासमोर थांबत होते. एक म्हातारे गृहस्थ तर टोपी काढून उभे राहिले. मला इतका अभिमान वाटत होता की जणू मूर्ती मीच घडवली.

जिभाऊंना त्याचं काही नव्हतं. त्यांनी एक खुर्ची मिळवली, ती खांबाला लागून ठेवली आणि दरवाजाकडे तोंड करून बसले. अंगात काळा कोट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. तीन दिवस त्यांनी तो कोट काढला नाही. कुणी बाईमाणूस दारातून आत आलं की ते अर्धवट उठत आणि पुन्हा बसत. दुसऱ्या दिवशी मी चेष्टेनं म्हणालो, "जिभाऊ, परीक्षक बाई आहेत असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"नाही," ते कोटातल्या मराठीत म्हणाले. "सहज पाहत आहे."

संध्याकाळी ते एकटेच स्टेशनवर गाड्या बघायला जाऊन आले. गाड्या बघून आलेला माणूस इतका गप्प का, असं माझ्या मनात आलं, पण मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला हॉलमध्ये बरीच गर्दी होती. बायका रांगोळ्या बघायला आल्या होत्या. मी सत्तावीस नंबरजवळ उभा राहून एका मास्तरांना छायाप्रकाश समजावत होतो. तेवढ्यात एक बाई फोटोंच्या रांगेनं आली. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. अंगावर जांभळं पातळ, बोटाला तीनेक वर्षांची मुलगी. मुलीच्या दोन वेण्या कानावर घट्ट वळून बांधलेल्या. आमच्या फोटोसमोर आल्यावर मुलगी थांबली.

"हिला हात का नाहीत?" तिनं विचारलं.

"तुटले," आई म्हणाली.

"दुखलं असेल?"

"दगड आहे तो. दगडाला दुखत नाही." बाईनं फोटोकडे आणखी एकदा पाहिलं. चांगला फोटो पाहावा तसं पाहिलं. मग मुलीचा हात धरून ती पुढं रांगोळीकडे गेली.

मी जिभाऊंकडे पाहिलं. एवढी चिमुरडी त्यांच्या फोटोवर बोलली, हे त्यांनी ऐकलं का, म्हणून. खुर्ची रिकामी होती. इकडं तिकडं पाहिलं तर खांबाजवळच्या मोठ्या फळीखालून त्यांचे बूट दिसले. काळे, पॉलिश केलेले, टोकं रांगोळीच्या दिशेनं. त्या बाईबरोबर ते बूट हळूहळू सरकत होते. ती चार पावलं गेली की बूट चार पावलं सरकत. मला वाटलं, म्हाताऱ्याला गर्दीत कुणी नको असलेलं माणूस दिसलं असेल. मला हसूच आलं.

बाई रांगोळ्या बघून, दरवाजातून एकदा मागं वळून, निघून गेली. बराच वेळ बूट तिथंच होते.

दुपारी तीनला निकाल लागला. सत्तावीस नंबरला पहिलं बक्षीस. एक प्रमाणपत्र आणि चांदीच्या मुलाम्याचा छोटा पेला. नाव पुकारलं गेलं. जिभाऊ पुढं गेले, वाकून नमस्कार केला, "मी मंडळाचा आभारी आहे" एवढं बोलले आणि खाली उतरले. मी टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. पेला त्यांनी माझ्याकडं दिला. म्हणाले, "तुम्हीच निवडला होता."

साडेचारच्या एस.टी.च्या गाडीनं आम्ही निघालो. खिडकीकडची जागा त्यांना दिली. गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना वेचणी झालेली कपाशीची शेतं लागली. मी बोलत होतो. हेडमास्तरांचा चेहरा कसा होईल, पेला शाळेच्या कपाटात ठेवावा की घरी, पुढच्या वर्षी मुंबईलाच पाठवू. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की जिभाऊंनी कोट काढून मांडीवर घेतला आहे आणि त्याच्या गुंड्या एकेक करून लावत आहेत, काढत आहेत.

"मास्तर," ते म्हणाले, "ती मन्ही कमल व्हती."

मला कळलं नाही. "कोण?"

"जांभया पातयवाली. पोरगी लिसन उनी व्हती ती."

 माझ्या तोंडून निघालं, "पण कमल तर गेली ना?"

"गयीच ती," ते म्हणाले. "रेल्वेमा कारकून शे एक. आपला जातना नही. त्यान्हासंगे गयी. नंदुरबारलेच ऱ्हास, स्टेशनना मांगे. आठ दिवस मी इचार करी ऱ्हायंतू, जाऊ का नको. तवढामा मोठा भाऊ गावथीन उना. म्हने, पोर मरनी आपले. माले तापीवर लई गया. मी आंघोय करी. तिन्ही पाटी, पुस्तकं, लुगडं, सगयं त्यानी पानीमा टाकी दिनं. गुलाबाईना फोटो मूर्तीस्ना डब्बामा व्हता. त्याले काय माहीत? म्हनीसन वाचना."

गाडी एका फाट्यावर थांबली. दोन बायका टोपल्या घेऊन चढल्या. त्यांना जागा झाली, गाडी सुरू झाली. घरमालकीणबाईंचा तांदूळ निवडणारा हात माझ्या डोळ्यांसमोर होता. त्या खोटं काहीच बोलल्या नव्हत्या. मीच एका शब्दाला माझा अर्थ लावून दोन वर्षं बसलो होतो.

"मला सांगायला हवं होतं तुम्ही," मी म्हणालो. "त्या दिवशी सतरंजीवर. एका शब्दानं सांगितलं असतं तरी..."

"कसं सांगू? आंघोय करेल शे. बापनी ती जित्ती शे असं म्हनाले नको, दारशी जावाले नको. भाऊले वचन देयेल शे." त्यांनी कोटाची एक गुंडी लावली. "मनमा उनं, मी काही बोलाव नही. फोटो लटकाडसूत. ती तं येवावच, चितरंस्ना तिले नाद शे. देखी, वळखी. तिले समजी जाई, बापनी ठेयेल शे अजून. मंग तिन्हा मनमा उनं तं ती बोली. तिनी हाक मारी असती, तं मी काय कान झाकी लेतू?"

नाव लिहिलेलं नव्हतं. नुसता नंबर. आणि त्या नंबरावर मी माझ्या पसंतीची दगडाची बाई टांगली होती. तिच्यासमोर कमल उभी राहिली, एखाद्या परक्या माणसाचा चांगला फोटो पाहावा तशी, आणि पुढं गेली. बाप तीन हातांवर लाकडी फळीमागं उभा होता. मांडीवरचा तो पेला मला नकोसा झाला. मी तो पिशवीत तळाशी घातला.

"चुकलं माझं, जिभाऊ."

"तुम्हनं काय चुकनं? फोटो तं तोच चांगला व्हता. पयला नंबर उना."

"तुम्ही पुढं का नाही झालात? एवढी समोर होती."

"पाय उचलना नही," ते म्हणाले. एवढंच. त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. मी दुसरीकडं पाहू लागलो.

प्रकाशाला तापी ओलांडली तेव्हा ऊन कलतीला आलं होतं. पात्रात टरबुजांच्या वाड्या घालायची तयारी चालली होती, माणसं वाळूत खड्डे घेत होती. जिभाऊ जरा सावरले होते. मग ते स्वतःहूनच बोलू लागले, आणि मी त्यांना इतकं बोलताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. कमल जरा जाड झाली आहे. पहिल्यापेक्षा रंग उजळला आहे. पातळ चांगलं होतं, घरात खायला-प्यायला बरं असावं. पायात वहाणा होत्या. मुलीच्या वेण्या किती घट्ट घातल्या होत्या, एक केस बाहेर नव्हता. कमलच्या वेण्या तेच घालायचे, आई नव्हती म्हणून, आणि त्यांना कधी अशा जमल्या नाहीत, शाळेत पोचेपर्यंत सुटायच्या. मुलगी बोलायला धीट आहे. हात का नाहीत म्हणून विचारलं तिनं. दुखलं असेल का म्हणून विचारलं. एवढ्या वयात एवढं कुणाच्या मनात येतं?

फळीमागून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "पोरगीनं नाव काय ठेयेल व्हई?"

मला कुठून माहीत असणार? मी उगाच आठवून पाहिलं, आईनं तिला नावानं हाक मारली होती का. नव्हती मारली.

"पुढच्या रविवारी मी नंदुरबारला जातो," मी म्हणालो. "मला काही कुणाची शपथ नाही. गुलाबाईचा फोटो माझ्याकडं द्या. तो देतो आणि नाव विचारून येतो."

शहादा जवळ आलं, कारखान्याची चिमणी दिसू लागली, लोक आपापल्या पिशव्या आवरू लागले. त्यांनी कोट अंगात घातला, गुंड्या लावल्या, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा काढून हातावर घेतला. नको असं ते म्हणाले नव्हते, एवढंच मी धरून बसलो होतो. स्टँडवर उतरल्यावर, पिशवी माझ्या हातातून घेत ते म्हणाले, "सकायनी गाडीथीन जा. दुपारले झोपानी सवय शे तिले. ल्हानपनपाईन."